एका घरातलं एकच

“तू दुर्गाची बहीण ना गं?” हिंदुराव मास्तरांनी सायकलवरून एक पाय खाली टेकत विचारलं, आणि शालन ‘हो’ म्हणून गेली. म्हणून गेल्यावर तिला कळलं, आपण काय कबूल केलं ते. बुधवारची दुपार होती. कारखान्याच्या फाटकावर बापूंचा डबा देऊन ती मुंबई रस्त्याच्या कडेकडेनं घरी चालली होती. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता, ऊन बोचत नव्हतं, आणि औषधाच्या कारखान्याकडून तो रोजचा आंबूस वास येत होता. पिंपरीच्या माणसांना त्या वासाची इतकी सवय झाली होती की वारा फिरला तरच चुकल्यासारखं वाटे. मास्तरांनी कोटाच्या खिशातून एक लांबट पाकीट काढलं. “हे तिला दे. पुण्याच्या मुलींच्या वसतिगृहात एक जागा रिकामी झालीय. मी तिचं नाव कळवलं होतं. शनिवारी अकराला भेटायला बोलावलंय म्हणावं, पालकांची सही घेऊन. विसरू नकोस हं, बाळ.” आणि पेडल मारून ते गेलेसुद्धा. शालन तशीच उभी राहिली. याच मास्तरांनी सहावीत तिची शुद्धलेखनाची वही वर्गभर फिरवली होती. फळ्यावर ‘शालन उद्धव काशीद’ असं लिहून खाली ठसठशीत रेघ ओढली होती, आणि ते नाव दोन दिवस कुणाला पुसू दिलं नव्हतं. त्याला उणीपुरी तीन वर्षं झाली. मास्तर मुद्दाम विसरले असते तर तिला राग तरी धरता आला असता. ते सहज विसरले होते. ओळख पटवायला त्यांना दुर्गा लागली. आणि बहीण तरी कुठली, चुलतबहीण.

पाकिटाला डिंक लावलेला नव्हता. घरामागच्या शेवग्याखाली, धुणं वाळत घालायच्या निमित्तानं, तिनं कागद उघडला. वाचताना आपले ओठ हलतायत हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं ते दातांत धरले. ‘उमेदवार’ या शब्दाशी ती अडखळली. ‘अनाथ अथवा पितृहीन मुलींकरिता राखीव’ हे मात्र एका दमात वाचलं. पितृहीन. केवढा साजरा शब्द होता, देवळातल्या आरतीतला असावा तसा. दुर्गाला तो आयताच मिळाला होता. तिची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली, आणि थोरले काका, ज्योतीराम, चार वर्षांपूर्वी बार्शीत विषमज्वरानं गेले. बापू तेव्हा नुकतेच बार्शीची गिरणी सोडून इथल्या बॉयलरवर लागले होते. ते गावी गेले आणि परत आले ते एक पत्र्याची ट्रंक आणि ट्रंकेच्या कडीला घट्ट धरून बसलेली दुर्गा घेऊन. शालनपेक्षा चार महिन्यांनी मोठी. त्या दिवशी शालनला आनंद झाला होता, हे तिला आठवायचं नसे पण आठवे. आपली गोधडी तिनं आपण होऊन मधोमध अंथरली होती. दुर्गाला पाढे येत नव्हते, जोडाक्षरं लिहिताना ती पेन्सिल चाटायची. परीक्षेत शालन पाटी जरा तिरकी धरी, आणि दुर्गा उतरवून घेई. ते तिला आवडायचं. आपल्याजवळ उरेल इतकं आहे, असं तेव्हा वाटायचं.

मग सत्तावनचा उन्हाळा आला आणि त्याच्याबरोबर फ्लू. हा शब्द पिंपरीत त्याआधी कुणाला ठाऊक नव्हता. आधी मद्रासकडे, मग मुंबईत, आणि मे संपता संपता कारखान्यातली माणसं दिवसाआड गैरहजर राहायला लागली. घरोघरी पोरांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या आल्या, रुमालाला निलगिरीचं तेल आलं. शाळा जूनमध्ये उघडायची ती उघडलीच नाही. पहिले पंधरा दिवस मुलांना सणासारखे वाटले. शालनला वाटले नाहीत. सातवीचं नवं पुस्तक तिनं एकटीनंच अर्धं वाचून टाकलं होतं, कव्हरं घातली होती, आणि रोज सकाळी ती ओट्यावर बसून शाळेच्या कौलांकडे बघायची. जुलैच्या मध्यावर हिंदुराव मास्तर दारोदार फिरत आले. लोकल बोर्डाची ती शाळा, दोन खोल्या आणि एक पडवी. त्यात अडतीस मुलं खांद्याला खांदा लावून बसवायची नाहीत, असं वरून सांगणं आलं होतं. मास्तरांनी आपल्या परीनं तोड काढली होती. “एका घरातलं एकच मूल. म्हणजे ताप आला तरी एकाच घरातून येईल. बाकीच्यांची पाळी दिवाळीनंतर. चुन्यानं फुल्या मारल्यात मी, हाताहाताच्या अंतरावर.” हे सांगताना त्यांचा चेहरा थकलेला आणि खरा होता. पुढं कितीदा प्रयत्न केला तरी शालनला त्यांच्यावर दात धरता आला नाही. मुलं जगावीत एवढंच त्यांना हवं होतं, आणि ती जगलीही. त्या शाळेतलं एकही मूल तापानं गेलं नाही.

बापू उंबऱ्यात उभे होते, गळ्याला मफलर. मास्तरांच्या हातातल्या कागदावर दोन नावं होती. शालननं तोवर केस विंचरून रिबीन बांधलीसुद्धा होती, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. बापूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. “दुर्गी जाईल, मास्तर,” ते म्हणाले. एवढंच. मास्तरसुद्धा क्षणभर थबकले. मग त्यांनी एका नावापुढं बरोबरची खूण केली. संध्याकाळी आई भाकरी थापता थापता बोलली, परातीवर हात आपटून बोलली, “आवो, आपली पैल्या नंबरात हाय. दुर्गीला पाढं धड येत न्हाईत.” त्यावर बापू हळू आवाजात म्हणाले, आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडं शालननं त्यातला शब्दन् शब्द ऐकला. “म्हून काय झालं? थोरल्याची पोर भांडी घासायला घरात ठिवली आन् आपली साळंत धाडली, असं म्हनतील लोक. बार्शीला तोंड दावायला जागा ऱ्हानार न्हाई. तीन म्हैन्यांचा तर सवाल हाय.” आईनं पुढची भाकरी थापायला घेतली. गोधडीवर शालनशेजारी पडलेल्या दुर्गानंही ते ऐकलंच असणार. तिचा श्वास अडकला होता, झोपलेल्या माणसाचा असा अडकत नाही. पण ती काही बोलली नाही, आणि शालनला वाटलं, बोलायला हवं होतं. नुसतं ‘मी नाही जात’ एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. मग शालन म्हणाली असती, ‘जा गं तू.’ ते म्हणायची संधी तिला कुणी दिलीच नाही. आणि न मागता हातातून गेलेली वस्तू आपण दिली असं म्हणता येत नाही. रडायचीही सोय नव्हती. बापाविना पोरीच्या वाटणीवर रडणारी मुलगी कशी दिसते, हे तेराव्या वर्षीसुद्धा तिला समजत होतं.

दुर्गा शाळेत जाऊ लागली. परत आली की आपण होऊन सांगायची, आज दशांश झाले, आज जपान झाला. शालन म्हणे, “मला येतं ते.” सुरुवातीला खरंच येत होतं. मग एके दिवशी दुर्गा काहीतरी सांगायला लागली आणि शालनला ते आलं नाही, तरी ती म्हणाली, “मला येतं ते.” त्यानंतर दुर्गानं सांगणं हळूहळू बंद केलं. ऑगस्टात बापूंना ताप भरला. आईला सातवा महिना, तिला जवळ जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. दुर्गाला शाळा होती. तेव्हा बापूंच्या उशाशी शालन बसली, पाच दिवस. कपाळावरची मिठाच्या पाण्याची घडी बदलायची, कांजी भरवायची, घामेजलेला सदरा सोडवायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी बापूंचा श्वास फार वर लागला होता, छातीचं हाड सदऱ्यातून हलताना दिसत होतं, आणि दारातून दुर्गा आत आली, पाठीवर दप्तर, हाताला शाई. तिच्या बोटांवरच्या शाईकडे बघता बघता शालनच्या मनात एक गोष्ट अगदी शांतपणे आली. बापू गेले तर मीही तिच्यासारखी होईन. मग दोघी सारख्याच, मग चिठ्ठी टाकावी लागेल. तिनं घडी पिळली, कपाळावर ठेवली. बापू बरे झाले. उठून बसले त्या दिवशी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं होतं, “पोरीनं वाचीवलं मला.” तो हात तिला पुढं कितीतरी दिवस डोक्यावर जाणवत राहिला, ओल्या फडक्यासारखा. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे दुर्गा.

दिवाळीनंतर नियम उठला. पण तोवर आईला मुलगी झाली होती, अंगावरचं बाळ आणि अशक्तपणा. आणि शालन शाळेत गेली ती अकरा दिवस. चुन्याच्या फुल्या पुसट झाल्या होत्या, पण मुलं सवयीनं अजून त्यांच्यावरच बसत होती. शालनला फुली नव्हती. ती पडवीच्या कडेला बसली. फळ्यावरची गणितं परक्या मुलखातली वाटत होती. मास्तरांनी तिला एक प्रश्न विचारला, आणि उत्तर यायच्या आधीच, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, मायेनं दुसऱ्या मुलाकडे वळवला. ती माया तिच्या जिव्हारी लागली. बाराव्या दिवशी बाळाला जुलाब झाले. ती घरी राहिली आणि मग राहिलीच. बापू म्हणाले, “फुडच्या वर्साला बघू.” पुढच्या वर्षी दुर्गा सातवी पास होऊन चिंचवडच्या हायस्कुलात जायला लागली, आणि तिच्या मागं एक यत्ता, लहान पोरांत जाऊन बसायला शालननंच नकार दिला. तेव्हा तिला कुणी फारसा आग्रहही केला नाही. अडतीसांतली अकरा मुलं त्या वर्षी परत आली नाहीत, असं तिनं एकदा बोटांवर मोजलं होतं. एकाला वडिलांनी गुरांमागं लावलं, दोघींची लग्नं झाली. तापाच्या हिशेबात यांना कुणी धरलंच नव्हतं.

त्या अकरांतली एक फरीदा. मीरासाहेबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान रस्त्यालाच होतं आणि मागं त्यांचं घर. त्या घरातून भाऊ रियाज शाळेत गेला आणि फरीदा घरी राहिली, ती आता मशीनवर ब्लाउज शिवत होती. गुरुवारी दुपारी पाकीट पोलक्याच्या आत खुपसून शालन तिच्याकडे जाऊन बसली. सांगायचं नव्हतं, पण बसवत नव्हतं घरी. “तुला रियाजचा राग नाही येत?” तिनं मध्येच विचारलं. फरीदानं तोंडातली टाचणी काढली. “त्याचा कशाला? शाळेत जातो तेच बरं, घरात किटकिट कमी. मला कुठं येत होतं काही? मास्तर फळ्याकडे वळले की मी झोपायची.” ती हसली, आणि मग शालनच्या तोंडाकडे बघून तिनं पायडल थांबवलं. “तुझं वेगळं होतं. तुला येत होतं.” ‘होतं’ हा शब्द तिनं किती सहज वापरला. शालन उठली. परत जाताना पाकिटाचा कोपरा तिला टोचत होता. शनिवार गेला की हा कागद चुलीत घालायचा. मास्तर विचारतील तर सांगायचं, विसरले. दुर्गाची बहीण विसरली. तिला कोण शिक्षा करणार? ती शाळेत थोडीच होती.

शुक्रवारी संध्याकाळी बापू पहिल्या पाळीवरून आले, चहा प्याले आणि रोजच्यासारखं म्हणाले, “दुर्गे, पेपर वाच जरा.” बापूंना अक्षरओळख सही करण्यापुरती. वर्तमानपत्र ते शेजारच्यांकडून मागून आणत आणि दुर्गा त्यांना वाचून दाखवी, मांडी घालून, दिव्याकडे पाठ करून. धाकटी तिच्या मांडीवर असे. आई डाळ निवडता निवडता ऐके. शालन चुलीशी. हे चित्र दोन वर्षं रोज तिच्या पाठीमागं होतं, आणि पाठीलाही डोळे असतात हे तिला त्या दोन वर्षांत कळलं होतं. दुर्गा वाचताना मध्येच थांबून एखादा शब्द समजावून सांगायची, आणि बापू ‘व्हय व्हय’ करत मान डोलवायचे. आपल्या पोरीपुढं त्यांनी कधी अशी मान डोलवली नव्हती. भाकरी उलटताना शालनचं बोट तव्याला लागलं. तिनं ते तोंडात घातलं आणि तेवढ्यात, भाजल्या बोटाच्या चवीसरशी, तिला लख्ख कळलं की आपण किती मूर्ख आहोत. चिठ्ठी लपवली तर ही इथंच राहणार. उद्या, परवा, मॅट्रिक होईपर्यंत, रोज संध्याकाळी, ह्याच जागी. चिठ्ठी दिली तर जाईल. ती जागा रिकामी होईल. पेपर बापूंना कुणीतरी वाचून दाखवावा लागेलच, आणि ओठ हलले तर हलले, ते कुठे बघायला येतात. तिला इतकं हलकं वाटलं की ती आपल्याशीच हसली. चांगुलपणाचा त्यात कणभर भाग नव्हता, हे तिला पुरतं माहीत होतं.

तरी तिनं ते शनिवारी सकाळीच दिलं, बापू पाळीवर गेल्यावर, दुर्गा वेणी घालत होती तेव्हा. “हे मास्तरांनी दिलंय. आज अकराला पुण्याला जायचंय.” दुर्गानं पाकीट घेतलं, कागद वाचला, सावकाश वाचला आणि शालनकडे पाहिलं. “कधी दिलं?” “दिलं कधीतरी. तू आवर.” मग धावपळ झाली. आईनं हाय खाल्ली, पोरी एकट्या पुण्याला जाणार म्हणून. दोघी फाटकावर गेल्या. पहारेकऱ्यानं आत निरोप धाडला, आणि बापू कोळशानं काळे झालेले, हात चिंधीला पुशीत बाहेर आले. पहारेकऱ्याच्या स्टुलावर कागद ठेवून त्यांनी एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली. कडेला अंगठ्याचा काळा ठसा उमटला तो पुसायला गेले, तर पसरला. “ऱ्हाऊ द्या काका,” दुर्गा म्हणाली. बापूंचे डोळे भरले होते. “थोरला असता तर...” ते म्हणाले. मग शालनकडे वळून म्हणाले, “तू जा हिच्यासंगं. नीट आन् परत.” नीट आण. मास्तरांचा निरोप आणायचा, बापूंचा डबा न्यायचा, दुर्गाला आणायचं. पुण्याच्या मोटारीत दुर्गा खिडकीशी बसली. शालननं आपला पदर दोघींच्या मधे ओढून घेतला.

वसतिगृह म्हणजे शेणानं सारवलेल्या अंगणातली लांबच लांब इमारत होती. ओसरीवर मुली ओळीनं तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि एकीनं काहीतरी म्हटल्यावर सगळ्या एकदम हसल्या. शालनला तो हसण्याचा आवाज भुकेसारखा पोटात लागला. तिथल्या मुख्य बाई, यशोदाबाई, पांढऱ्या लुगड्यातल्या, आवाजाला करड्या, पण डोळे तसे नव्हते. त्यांनी दोघींकडे पाहिलं. “उमेदवार कोण?” दुर्गा पुढं झाली. “आणि तू कितवीत?” “मी घरी असते,” शालन म्हणाली. बाईंनी मान हलवली, तिला ओसरीवर बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. दार नीट लागत नव्हतं. दुर्गानं धडा वाचला. ‘दुष्काळ’ म्हणताना ती अजूनही ‘ष’ गिळत होती, आणि शालनची जीभ तोंडातल्या तोंडात तो उच्चार नीट करून आली. मग बाईंनी विचारलं, शिकून काय करणार? दुर्गा जरा थांबली आणि म्हणाली, “मी मास्तरीण होणार, आणि छडी न मारता शिकवणार.” शालन ताठ झाली. हे वाक्य तिचं होतं. शब्दाशब्दानं तिचं. सहावीत, सगळ्या वर्गासमोर, हिंदुराव मास्तरांनी विचारल्यावर ती उभी राहून हेच म्हणाली होती आणि दुर्गा शेजारी बसून पेन्सिल चाटत होती. शाळा गेली, फुली गेली, बापूंची मान डोलवणं गेलं. हे एवढं तरी कुणी नेलं नाही असं तिला वाटत होतं, कारण तिनं ते इतकं खोल ठेवलं होतं की तिलाच सापडत नव्हतं. आता ते दाराच्या फटीतून दुसरीच्या आवाजात बाहेर येत होतं, आणि बाई म्हणत होत्या, “छान.”

जागा मिळाली. पुढच्या रविवारी ट्रंक घेऊन यायचं ठरलं. परतताना मोटारीला गर्दी होती, दोघींना मागं एकाच बाकावर अंग चोरून बसावं लागलं. खडकी मागं पडल्यावर शालन म्हणाली, “ते वाक्य माझं होतं.” दुर्गानं ‘कुठलं’ असं विचारलं नाही. “हो,” ती म्हणाली. “माझं असं काही आठवेनाच. घाबरले की मला तुझंच आठवतं. परीक्षेतसुद्धा.” शालन बाहेर बघत राहिली. मग दुर्गा म्हणाली, “मास्तर मला परवाच भेटले होते, चिंचवडहून येताना. म्हणाले, पत्र मिळालं ना? मी म्हणाले, मिळालं.” शालनच्या कानांत मोटारीचा आवाज एकदम मोठा झाला. “म्हणजे तुला माहीत होतं?” “गुरुवारपासून.” “मग बापूंना सांगायचंस. माझ्याकडे मागायचंस.” “नाही मागितलं.” दुर्गानं मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. “तू दिलं नसतंस तर गेले नसते मी. त्या वेळी कुणी तुला विचारलं नव्हतं. म्हटलं, या वेळी तू ठरव.” शालनला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बोटं आवळली, नखं तळहातात गेली. दोन वर्षांत आपल्या मनानं केलेली एकच गोष्ट, भल्याबुऱ्या कसल्याही मनानं पण आपल्या, आणि तीही हिनं वाढलेली निघाली. हिनं आपल्यावर सोडलं म्हणून आपण दिलं. मोठेपणासुद्धा हिच्याच वाट्याला. “जा तू,” ती म्हणाली, “जा एकदाची. मला नको तू इथं.” “माहितेय,” दुर्गा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तिचा खांदा मोटारीच्या हिसक्यासरशी शालनच्या खांद्याला लागत होता, सरकायला दोघींनाही जागा नव्हती. “मला तिथं फुलीवर बसवलं ना, तेव्हा रोज वाटायचं, हे तुझं आहे. वर्गात मागून कुणीतरी म्हणायचं, उपकाराची. मी मागं वळून पाहायची नाही. घरी आले की तू दारात. तुझ्याकडेही बघवायचं नाही मला.” हे दोन वर्षांत ती पहिल्यांदा बोलत होती.

रविवारी बापू दुर्गाला पोचवून आले. आले ते थेट मोरीवर गेले, पाय धुतले, भिंतीला टेकून बसले. ऊन उतरलं होतं, आई धाकटीला घेऊन शेजारी गेली होती. शालननं ताट वाढलं. बापूंनी एक घास मोडला आणि कोपऱ्यातल्या ट्रंकेच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, “घर कसं मोकळं मोकळं झालं गं. मानूसच ऱ्हायलं न्हाई जनू.” शालन त्यांच्या पुढ्यात बसली होती, हातात आमटीची पळी घेऊन. “मी आहे की, बापू.” “तू हायसच की,” ते म्हणाले, जसं कुणी भिंतीबद्दल म्हणावं. तेव्हा ती विचारून बसली. इतक्या साध्या आवाजात विचारलं की तिचं तिलाच नवल वाटलं. “त्या साली मला का नाही पाठवलंत?” बापू दचकले नाहीत. जणू हा प्रश्न त्यांच्यापाशी केव्हाचा येऊन थांबलेला होता. ते बराच वेळ घास चोळत राहिले. “तू माझी हुतीस म्हून,” ते म्हणाले. “लग्नकार्यात न्हाई का, घरची मान्सं शेवटच्या पंगतीला बसत्यात. पाव्हन्यांचं आधी. वाटलं, आपल्या पोरीचं काय, तिचं मागनं बघू. तिला काय सांगायचं, ती आपलीच हाय.”

“शेवटच्या पंगतीला काही उरलंच नव्हतं, बापू.”

बापूंचा हात ताटावर थांबला. त्यांनी वर पाहिलं, आणि शालनला तापातल्या त्या दुपारचा चेहरा दिसला, तेच वर आलेलं गालफड, तीच उघडी पडलेली नजर. त्या दुपारी आपण काय इच्छिलं होतं ते त्यांना सांगून टाकावं, असं तिला क्षणभर वाटलं. सांगितलं नाही. एका दिवसात माणसाला किती द्यायचं. ते खाली मान घालून जेवू लागले. दुपारभर उपाशी होते, भूक होतीच. त्यांनी डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसले ते तिनं न पाहिल्यासारखं केलं. तिनं आमटी वाढली, भाकरी वाढली. त्यांनी नको म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर बापूंनी कोनाड्यातला पेपर काढला, दोन्ही हातांनी उलगडला आणि तिच्यापुढं सरकवला. हेच तिला हवं होतं. तिनं तो मांडीवर घेतला, पहिली मोठी ओळ वाचली, ओठ हलवत, अडखळत. बापू ऐकत होते. दुसऱ्या ओळीपाशी ती थांबली. पुण्यात या वेळी त्या लांब ओसरीवर पानं मांडली असतील. मुली ओळीनं बसल्या असतील, आणि दुर्गा, नवी म्हणून, अगदी टोकाला. घाबरली असेल. घाबरली की ती शेजारच्याच्या पाटीकडे बघते. आज तिच्या शेजारी कुणीतरी बसली असेल. नाव नाही, गाव नाही, कशी दिसते ठाऊक नाही अशी एक मुलगी. ती आपलं ताट जरा तिरकं करून हळूच सांगत असेल, आधी श्लोक म्हणायचा, मग जेवायचं. निजताना तिचीच गोधडी दुर्गाच्या गोधडीला लागून असेल. त्या मुलीचा शालनला असा काही हेवा वाटला की अक्षरं पुसट झाली. “का गं?” बापू म्हणाले, “काय लिवलंय फुडं?” “वाचते,” ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून तिनं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.